कार्तिक, निफाड

पहाटे साडेचारला बॅटरी धरून
तापमापी वाचते: सहा पूर्णांक चार.
वारा ईशान्येचा, जेमतेम.
आठवडाभर हवामान कोरडे राहील.

चांदवडकडच्या डोंगरांवर ढगाची चिंधी नाही.
उघडा कातळ रात्रभर
दिवसाचं ऊन परत करत बसलाय,
आता त्याच्याकडेही काही उरलं नाही.

दगूनानांचा फोन: "पोरी, बागेत शेकोट्या लावू का?"
आकडा सांगते.
"आकडा ऱ्हाऊ दे. बोटं वळतात का तुझी?"

वळत नाहीत.
"लावा," म्हणते.

मग खाली एकेक ठिणगी,
तुराट्यांचा वास.
धूर वर जाईना, द्राक्षवेलींतच बसून राहिला.

वहीतला ईशान्य खोडते.
वारा: नाही.