कोर्ट शू

शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
मंदाबेन, डब्यावरचं नाव तोंडपाठ जोइये.
मी वहीत उतरवलं, मराठी अक्षरांत,
आणि मंगळबाजार ते दांडियाबाजार पुटपुटत गेले.

पंप. आमचा पंप वरच्या टाकीचा,
हा काळा, चकचकीत, कशातच काही चढवत नाही.
वेज. मी विचारलं, कांदालसूण नसलेलं?
गल्ल्यावर ऋत्वी हसून आडवी.
अहो, पाचर.
पाचर मला ठाऊक. बाबा सुतार होते.
स्टिलेटो तिने फोनवर शोधलं: बारीक सुरी.
सुरीवर उभं राहायचे सतराशे नव्याण्णव.
म्यूल म्हणजे खेचर, टाच उघडी.
त्याच्याबद्दल मी काही विचारलं नाही.

लोफरपाशी मात्र थांबले.
आई भावाला म्हणायची,
रात्री साडेदहानंतर कडी वाजली की.
बायकांचेही असतात? असतात ने, आठशे नव्वदपासून.
सात नंबरचा एक जोड हातात धरून
मी बराच वेळ तशीच.
साडेदहानंतर परतणारी एखादी बाई,
स्वतःच्या किल्लीने दार उघडणारी.

कोर्ट शू तर मला आधीपासून माहीत,
असं मला वाटलं.
अकरा तारखा. जिन्याखालचा बाक.
अंगठा तुटलेली हवाई चप्पल, सेफ्टी पिनेवर.
चपला झिजवणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं,
टाचेखाली फरशी लागायला लागली तेव्हा.
बाकाच्या त्या टोकाला सासरे
वकिलाशी बोलत, मला ऐकू येईल इतपत:
पायातली वहाण पायातच बरी.

ऋत्वी म्हणाली, छे, हे कोर्ट म्हणजे दरबार.
राजाराणीचा.
बरं.

आज घोरपडेकाकू आल्या. नातीचं लग्न.
पाय पुढे करायला लाजत होत्या.
मी खाली बसले, पाऊल मांडीवर घेतलं.
करंगळीवर कुरूप, जुनं, पिवळं पडलेलं.
ह्याला इंग्रजीत काय गं म्हणतात?
ऋत्वी गल्ल्यावरूनच: कॉर्न.
म्हणजे मका, मी म्हटलं.
मका?
तिकडे मका. आपल्याकडे कुरूप.
काकू पायाकडे बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या.
मका बरा, म्हणाल्या. मकाच लिही.

वरच्या फळीवरून एक रुंद पंजाचा जोड काढला.
डब्यावर नावच नव्हतं,
नुसता आकडा, सहा.
चालून बघा, म्हटलं, आरशापर्यंत.