गुरुवारची फेरी

आमच्या बेटावर डॉक्टर नाही, न्हावी नाही.
न्यूफाउंडलंडच्या नकाशात आम्ही म्हणजे
पेन झटकताना उडालेला एक थेंब.
दात दुखला तर समुद्र ओलांडायचा.
मन दुखलं तर –
ते दुखू शकतं, एवढं कबूल करायलाच
आमच्या लोकांना दोन पिढ्या लागल्या.

आता थेरपिस्ट येते. एकाआड एक गुरुवारी,
पावणेनऊच्या बोटीने, राखाडी गाडीतून,
मागच्या सीटवर टिश्यूचे खोके.
मी बोटीवर दोर सांभाळतो, गाड्यांना खुणा करतो:
पुढे, पुढे, जरा डावीकडे, बास.
दोन वर्षं तिची गाडी मीच लावतोय.
तिला माझा फक्त पंजा माहीत.

ती बसते वाचनालयाच्या मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी नाताळची सजावट ठेवायचे.
त्यामुळे आमच्याकडे वाचन भलतंच वाढलंय.
ॲल्फॉन्सस, ज्याने शाळा सुटल्यापासून
कागद वापरला तो फक्त मासा गुंडाळायला,
बेडकांवरचं एकच पुस्तक
सहाव्यांदा परत करायला गेलेला मी पाहिलाय.
एफी शिक्का मारते, मान वर करत नाही.
तेवढं पुण्य तिच्या खात्यावर.

मला काय झालंय? काही नाही.
कुणी मेलं नाही, कुणी सोडून गेलं नाही,
पगार वेळेवर, गुडघे ठीक.
फक्त पहाटे तीनला उठून मी फ्रीझर पुसतो.
आणि नोव्हेंबरात एका सकाळी
एकतीस वर्षं डोळे मिटून मारलेली गाठ
हाताला आठवेना.
धक्का जवळ येत होता,
आणि मी दोराकडे बघत होतो
दुसऱ्याचं मूल चुकून आपल्या हातात यावं तसा.
केल्सीने तो काढून घेतला. पोर आहे, बावीस वर्षांची.
कुणाला बोलली नाही. मलासुद्धा नाही.

मग फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, बासरी ऐका.
पलीकडची मुलगी म्हणाली, चौदा महिने.
म्हटलं, जवळपास दुसरं कुणी?
ती म्हणाली, जवळपास म्हणजे?
मी खिडकीबाहेर बघितलं. प्रश्न रास्त होता.
स्क्रीनवर बोलाल का, म्हणाली.
पण वारा सुटला की आधी इंटरनेट उडतं,
आणि वारा नसला की भिंतीपलीकडे आई,
सगळं म्हातारं होऊन कान तेवढे तरुण राहिलेली.

फेब्रुवारीत एकदा धुक्याने बोट अडवली.
रांगेत तिची एकटीची गाडी.
तिने काच खाली केली: किती वेळ?
म्हटलं, धुकं सांगेल.
एवढं सांगून मी जायला हवं होतं.
उभाच राहिलो. मिशीवर पाणी जमत होतं.
म्हटलं, माणूस गाठ विसरतो का हो?
ती ‘काही नाही होत’ म्हणाली नाही.
वही काढली. एकाने नाव काढून घेतलं होतं:
बारा मार्च, दोन चाळीस.

म्हणजे सव्वादोनची फेरी बुडणार.
म्हणजे कॅप्टन हेडलीला सांगणं आलं.
दाताचं काम आहे, मी म्हटलं.
तो दुर्बीण पुसत होता. पुसतच राहिला.
दात काढणारा पलीकडे आहे, लिअँडर.
सुट्टी तर तू इकडे राहायला मागतोयस.
माझ्या कानांत इंजिन.
मग म्हणाला, पुस्तक परत करायचं असेल.
हो, म्हटलं. पुस्तक.
माझं चारला असतं, हेडली म्हणाला,
आणि समोर एक पक्षीही नसताना
त्याने लांबलचक भोंगा दिला.

आदल्या दिवशी वाचनालयात गेलो.
परत करायचं तर आधी न्यायला हवं.
कुठलं देऊ, एफीने विचारलं, मान खालीच.
जरा जाडसं दे, म्हटलं.