तिसऱ्या पायाआधी

होटगी रोडच्या भंगारवाल्याकडं
बापाचे दोन माग गेले एकोणतीस रुपये किलोनं.
चार वर्षांनी त्याच काट्यावरून
मी हा हात आणला, पंचेचाळीसनं.
काटा तोच. वजन करणारं पोरगं तेवढं बदललेलं.

पिवळा रंग, कोपरापाशी पोपडे,
मनगटातून ग्रीस गळतंय सर्दी झाल्यासारखं.
चाकणला गाड्यांचे दरवाजे जोडायचा म्हणे.
बुडातल्या बॅटऱ्या मेल्या
तेव्हा स्वतःचं शून्य विसरला,
कुठं सरळ, कुठं वाकडं, काहीच ठाऊक नाही.
सहा सांधे, प्रत्येकावर एक बारीक खाच.
खाचेसमोर खाच आणायची आणि सांगायचं,
हे बघ, इथं तू सुरू होतोस.
सहा रात्री गेल्या त्यात.
दिवसा शेडचे पत्रे डोकं चालू देत नाहीत.

मागांच्या बोल्टांचे खड्डे होते, तिथंच बसवला.
एक खड्डा जुळला, बाकीचे नव्यानं पाडले.
बाप दारात खुर्ची टाकून बघत होता,
मल्लेशम येमूल, टॉवेलाच्या किनारीत गुलाब काढणारा.
म्हणाला, "ह्याचा धोटा कुठाय?"
मी हसले नाही. तोही विनोद करत नव्हता.

काम साधं. माठाची तिवई.
एक कडं, तीन पाय, तीन टाके.
शिकवायला इलियास नदाफ,
तीस वर्षं काळ्या काचेतून उजेड पाहिलेले,
आता संध्याकाळी भिंतीला हात लावत घरी जाणारे.
चाचा बोटानं जागा दाखवायचे,
मी बटण दाबून ती हाताच्या डोक्यात घालायची.
मग त्यांनाच एक तिवई करायला लावून
मोबाइलवर वेळ मोजली.
पहिला पाय, सहा सेकंद.
दुसरा, सहा.
मग चार सेकंद काहीच नाही.
मग तिसरा.

"ते खांद्याचं आहे, अंजम्मा.
अठरा वर्षं झाली, सायकलवरून पडलो होतो कन्ना चौकात.
काढून टाक ते. माझं दुखणं त्याला कशाला?"

काढलं.
शंभर तिवयांमागं जवळजवळ सात मिनिटं वाचली.
दुपारपर्यंत साठ निघाल्या,
मी बापाला चहा पाजला, स्वतःलाही.

तीन पायांचं कधी डुगडुगत नाही.
कलतं मात्र.
आईनं विड्यांचं सूप खाली ठेवलं,
माठ भरला, आत डोकावली, म्हणाली,
"पाणी एका अंगाला बोटभर वर आलंय की गं."

दोन दिवस मी करंट बदलला, तारेचा वेग बदलला,
शून्य पुन्हा तपासलं, कंट्रोलरला शिव्या घातल्या.
साठच्या साठ परत त्याच काट्यावर.
चाचा कोपऱ्यात बिडी न पेटवता बसलेले.
मी म्हटलं, एक करून दाखवा.
केली. ओळंब्यात सरळ.

दोन पायांनी तापलेलं कडं
तिसऱ्याला आत ओढत होतं.
त्याला थंड व्हायला चार सेकंद लागत होते,
आणि ते एक मोडका खांदा देत होता.
चाचांना माहीत नव्हतं.
मी विचारलं, "पडायच्या आधी कशा निघायच्या हो?"
बराच वेळ त्यांनी हातमोजा उलटासुलटा केला.
"सरळच की," म्हणाले.
मग, "बहुतेक."

आता प्रोग्रॅमच्या एक्केचाळिसाव्या ओळीत आहे: थांब.
चारशे तिवया मंगळवेढ्याला जायच्यात,
लाइट गेली नाही तर शनिवारपर्यंत.
पहिला पाय. दुसरा.
हात हवेतच थबकतो,
पंख्याचा आवाज तेवढा राहतो शेडमध्ये,
आणि दारातून बाप दरवेळी,
अगदी दरवेळी, तेलुगूत विचारतो,
"आगिंदा?" थांबलं का?

मी तोंड उघडेपर्यंत
तो सुरू झालेला असतो.