शेड ए-थ्री

वणीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईनं
दातांची एक पट्टी माझ्या ओठाजवळ धरली.
सोळा खोटे दात, ओळीनं,
प्रत्येकावर नंबर, जसे आमच्या पंपांवर असतात.
मी सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं.
काका, तोंडात ट्यूबलाइट लावल्यावानी दिसन, ती म्हणाली,
तुमचा ए-थ्री.

ए-थ्री म्हणजे मळकट पिवळा,
कणगीतल्या जुन्या ज्वारीचा.
एवढे पैसे देऊन पिवळाच?

मग तो प्रश्न: खर्रा किती वर्षांपासून?
नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये साहेबानं विचारला होता,
फोटोवाल्यानं विचारला,
एका मास्तरनं तर मी पाचवीत होतो तेव्हा.
बाई, मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही.
मी पाणी प्यायलो.
आमडोंगरीच्या बोअरचं,
दात हिरडीच्या आत होते तेव्हापासून.

ती थांबली. हातमोजा पुन्हा नीट ओढला.
सॉरी काका, म्हणाली.
सॉरी म्हणणारी पहिलीच.

एकतीस वर्षं मी हातपंप दुरुस्त केले.
वायसर, साखळी, सळया, सगळं कानानं कळतं.
एका वर्षी तपासणीचे कागद आले
आणि पंचायत समितीनं मला लाल रंगाचा डबा दिला:
अकरा पंप रंगव, पिण्यास अयोग्य.
रंगवले. साहेबाला संध्याकाळच्या आत फोटो पाहिजे होते.
उन्हाळ्यापर्यंत रंग निघाला,
मुठीवरचा सगळ्यात आधी,
जिथं हात लागतात तिथला.
जनाबाई कोडापे माझ्याकडे पाहत गुंड भरत होती.
रंग पाह्यला म्या, बापा, म्हणाली,
दुसरं पानी कुठं हाय, थे सांग.

डॉक्टरबाईनं दातावर निळं ॲसिड लावलं.
आधी खडबडीत करावा लागतो काका,
गुळगुळीतावर काही पकडत नाही.
माझं तोंड उघडं होतं,
नाहीतर सांगितलं असतं: माहीत आहे बाई,
लोखंडही पॉलिश पेपरनं घासल्याशिवाय रंग धरत नाही.
मग थर. मग निळा उजेड, वीस सेकंद, पीं.
पुन्हा थर. पुन्हा पीं.
आतला डाग आतच राहील, ती म्हणाली,
आपण वरून झाकतोय.
मी डोळ्यांनीच हो म्हटलं.
ह्याच कामाचा पगार खाल्ला मी.

वरचे चार दात, सहा हजार.
ऊस दातानं सोलायचा नाही,
भुईमुगाची शेंग फोडायची नाही.
आरशात माझ्याच वयाचे चार दात होते.
बाई बरोबर होती. पांढरे असते तर
लोकांनी दात पाहिले असते, मला नाही.

कशासाठी केलं, मुलीनं फोनवर विचारलं.
सांगता आलं नाही.
कोणी म्हटलं नव्हतं. चार महिन्यांत रिटायर होतो.
सिंधू दोन दिवस ताटात पाहून बोलत होती.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
हसून पाहा बरं एकदा.
हसलो, आणि हात आपोआप तोंडावर गेला.

परवा आमडोंगरीला वायसर बदलायला गेलो.
जनाबाईचा नातू पंपाला लोंबकळत होता,
पुढचे दोन दात नुकतेच आलेले,
त्यांच्यावर खडूनं मारल्यासारख्या आडव्या रेघा.
अजून रेघाच.
काका, तुमचे दात कुठून आणले?
वणीहून, मी म्हटलं.

डिक्कीतून डबा काढला.
रंगावर साय धरली होती, काडीनं फोडली.
मागच्या वेळी घासला नव्हता. घाई होती.
या वेळी पंप घासला, हात भरून येईस्तोवर,
नुसतं खरखरीत लोखंड बोटाला लागेस्तोवर.
पोट्टं उकिडवं बसून पाहत होतं.
हे कितीक दिवस टिकन, काका?

पाच-सहा वर्षं, मी म्हटलं,
हात नाही लागले तर.