बारमाही

तृषालीचा फोन, सकाळी, शटर अर्धं वर असताना.
"बाबा, हिवाळी टायर घेऊ का? चार घ्यायचे तर अर्धा पगार जातो.
आहेत ते बारमाही आहेत, असं विकणारा म्हणाला होता."

बारमाही.
कुठल्या गावचे बारा महिने, ते विचारलंस का त्याला?

रे रोडला एकतीस वर्षं मी टायर उतरवतो, चढवतो.
आंघोळीनंतरही तळहाताला रबराचा वास.
नख रुतवून सांगतो अजून किती पावसाळे निघतील,
आणि गोदीतले ट्रकवाले ऐकतात.
पण माझ्याकडे थंडी म्हणजे
जानेवारीत कॉम्प्रेसर चालू होताना दोनदा खोकतो, तेवढीच.

"उणे अठ्ठावीस आहे बाबा, सास्काटूनला."
उणे हे मी आजवर फक्त उधारीच्या वहीत लिहिलंय.

संध्याकाळी जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापला
आणि भाऊच्या धक्क्यावर मोतीराम नाखव्याकडे गेलो.
त्याच्या पेटीत, सुरमईच्या शेजारी,
बर्फावर दोन मुठी खडेमीठ टाकून पुरून ठेवला.
"काय रं हरेश्वर, आता टायरचं कालवण?"
हसू दे.

पहाटे काढला तर तुकडा वाकेना.
पेटीवर आपटला. टक्.
सुपारीसारखा.
नख घसरलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि तो हातात घेऊन परत वळलो,
पायात टायरच्या तळाची चप्पल, माझीच, मीच शिवलेली,
खाली फुटक्या बर्फाचा चिखल,
आभाळ दिसलं.
टोपली डोक्यावर तशीच ठेवून
सुगंधाबाईनं एका हातानं माझी कॉलर धरली.
"तळ मऊ पायजे रं. कडक झाला का बर्फ तुला वलखत नाय."
तिच्या पायातले रबरी बूट झिजून कानाच्या पाळीसारखे झालेले.
चाळीस वर्षं ती बर्फावरून चालतेय
आणि मी टायरवाला.

लगेच फोन लावला, तिथं अजून कालची रात्र.
ती रात्रपाळीला निघत होती,
म्हाताऱ्यांच्या त्या आश्रमात, शहराबाहेर, बावीस किलोमीटर.
घे, म्हटलं. चारी घे.
पुढे दोन घालून भागवशील
तर वळणावर मागची बाजू पुढे येऊन विचारेल, मला का नाही?
"पण बाबा, पैसे—"
मी पाठवतो.
"तुमचे रुपये इथं पोहोचेपर्यंत वितळतात."
मग दोघंही गप्प. फोनमध्ये तिच्या गाडीचं इंजिन
चालू व्हायला बघत होतं.

आठवड्यानं तिनं फोटो पाठवला.
चष्मा लावून मोठा करून पाहिला:
प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा,
तळायच्या आधी पापलेटला देतो तशा.
तिची आई म्हणाली, मसाला आत मुरायला.
मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. बर्फ मुरतो.
खरं काय ते मला माहीत नाही.
कडेला डोंगर कोरलाय, डोंगरात एक चांदणी.
त्यावर बोट फिरवलं तर फोटो निसटून
तिच्या लग्नाचा आला.

तो तुकडा मी टाकला नाही, गल्ल्याशेजारी आहे.
त्या दिवशी दुपारपर्यंतच परत मऊ झाला होता,
सुरमईचा वास मात्र अजून येतो, मांजर येऊन चाटून जातं.
मधूनच नख रुतवून बघतो.

काल एक टेम्पोवाला आला, टायरवर लाथ मारून म्हणाला,
"शेठ, अजून किती चालेल हा?"
एरवी आकडा तोंडावर असतो.
मी विचारलं, जायचंय कुठं?
"कुर्ल्याला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे
वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला.