काटा

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर येऊन थांबला
तो गणपतीत. तेव्हापासून
माझी गाडी कायम अर्धी भरलेली.
पालशेतच्या चढावर आचके देत बंद पडली, तेव्हाही अर्धी.
कोकमाचे खोके तसेच मागे ठेवून
मी रिकामी बाटली घेऊन पंपाकडे चालत निघाले,
तेव्हाही अर्धीच.

दिवाळीनंतर वेगाचा काटा.
आधी थरथरायचा, मग एक दिवस शून्यावर निजला.
वेग मी कानाने मोजायला लागले:
बाटल्या किणकिणल्या की चाळीस,
खणखणल्या की पाय काढायचा.
लाल दिवा तेवढा रोज पेटे,
समईसारखा. आणि समईसारखीच
मला त्याची सवय झाली होती.

चिपळूणला शोरूममधल्या मुलाने
स्क्रीनवर बघूनच सांगितलं:
पूर्ण मीटर बदलावं लागेल, मॅडम. चौदा हजार आठशे.
नफ्याच्या हिशेबाने सव्वापाचशे बाटल्या.
विचार करून सांगते, म्हटलं,
आणि त्यांचं थंड पाणी पिऊन निघाले.

शृंगारतळीत हमजा परकार
वेलदूरच्या बोटींचे वायरलेस दुरुस्त करतो.
त्याने मीटर टॉवेलवर पालथं घातलं,
तान्ह्या पोराला तेल लावायला घालतात तसं.
भिंगातून बघितलं. "खारी हवा, बाई.
हे बघा, हिरवं चढलंय."
दात घासायच्या जुन्या ब्रशने
समुद्र खरवडून काढला,
केसाएवढ्या भेगेवर कथलाचा एक थेंब.
धूर. राळेचा वास.
"टाकीतला फ्लोट पण अडकलाय, तो पोरगा सोडवेल.
आणि हा लाल दिवा,
हा एकटाच खरं बोलत होता तुमच्याशी.
ब्रेकचं तेल बघा आधी."

साडेतीनशे रुपये. आणि सरबताची एक बाटली, बिनसाखरेची.

किलोमीटरचा आकडा चार महिने तिथेच होता,
एक्क्याण्णव हजार चारशे सहा.
"अंदाजे पुढे करून देऊ?"
मी मोजायला लागले. हेदवी, वेळणेश्वर, रोजचे बासष्ट.
शिवाय डिसेंबरातली ती एक रात्र,
मागच्या सीटवर आबा, आणि पहाटे
सीट रिकामी घेऊन परत.
राहू दे, म्हटलं. तिथूनच चालू दे.

किल्ली फिरवली. काटा उठला,
क्षणभर अर्ध्यावर रेंगाळला जुन्या ओळखीने,
आणि सरळ लालवर जाऊन बसला.

पंपावर संकेतने विचारलं, किती टाकू?
अर्धी, म्हटलं.
खरीखुरी.