पुढचं तिकडे व्हायचं

परवान्यावर चारच.
ख्रिस्तोफेलने पोतं सिंकमध्ये उपडं केलं
तेव्हा चारही शेवंडी एकमेकींच्या मिशांत अडकून
करकरत होत्या, बिजागरीला तेल नसल्यासारख्या.

आई म्हणाली, सरका.

एकतीस वर्षं सेंट हेलेना बेच्या कारखान्यात
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पांढरी टोपी,
बोटांना बर्फाच्या भेगा.
एका हातात छाती, एका हातात शेपूट,
एक पीळ.
ओली फांदी मोडावी तसा आवाज होतो,
फक्त फांदी नंतर हलत नाही.
मग तिचीच मिशी तोडायची,
शेपटाच्या टोकाखालून आत सारायची, फिरवायची, ओढायची.
काळी शीर अख्खी बाहेर, टाक्याच्या दोऱ्यासारखी.

मला कात्री सापडायच्या आत
चारही झाल्या.

शेपटं अमेरिकेला जायची.
मेणकागदात एकेक, मग खोक्यात,
खोक्यावर सोनेरी मुकुट.
डोकी आमच्याकडे यायची,
शुक्रवारी, बादलीनं, पगाराच्या पाकिटाबरोबर.
मी डोक्यांवर वाढले.
डोक्यांचा रस्सा, डोक्यांचा भात,
पायांच्या नळ्या दाढेखाली फोडून चोखलेल्या,
आणि उरलेलं मांजरांना, मांजरांनी नाकारलेलं बटाट्यांच्या वाफ्याला.
वर्गात सगळ्यांच्याच गणवेशाला तो वास असायचा
म्हणून कुणालाच यायचा नाही.

अंगणात अर्धं कापलेलं पिंप.
द्राक्षवेलीची जुनी खोडं जळून जळून
लाल झालीत, वर राखेची साय.
ख्रिस्तोफेल जाळीवर तळहात धरून आकडे म्हणतो:
पाचापर्यंत टिकला, सहाला हात मागे. झाला निखारा.
मी कवचं पाठीवरून उभी चिरली,
शेपटं आखडू नयेत म्हणून आत एकेक काडी खुपसली,
लोणी, ठेचलेला लसूण, कुंपणावरचं लिंबू.

"आई, किती वेळ?"

आई निखाऱ्यांकडे बघत राहिली.
कुठलं शेपूट कुठल्या खोक्यात जातं,
किती थंडीत किती महिने टिकतं,
डोळे मिटून सांगेल ती.
चिमट्यातून उचलून तिनं एक हातावर तोललं,
"मध्यम. दुसरं खोकं," म्हणाली, परत ठेवलं.
"पुढचं मला काय माहीत?
पुढचं तिकडे व्हायचं."

तिकडे.
कुठल्याशा गावात, कुठल्याशा अंगणात,
एकतीस वर्षं कुणीतरी हेच विचारलं असेल,
किती वेळ?
आणि कुणीतरी सांगितलंही असेल.

आम्ही अंदाजानं केलं.
पहिलं चुकलं. रबर झालं, तिच्या बुटांइतकं,
ख्रिस्तोफेलने हट्टानं चावून संपवलं.
दुसऱ्याला मी तिथून हलले नाही.
मांस खाली, लोणी ठिबकलं, ज्वाळ उसळली,
माझ्या भुवईचा थोडा वास आला.
उलटवलं.
काचेसारखं होतं ते कडेकडेनं
दुधासारखं व्हायला लागलं,
मधोमध जेमतेम एक धूसर टिकली राहिली
आणि मी उचललं. कशावरून, विचारू नका.

शेजारचा साकी भिंतीवरून डोकावून म्हणाला,
"आता काय हॉटेल काढलंय का, कात्रीना?"
ती बोलली नाही. तोंडात घास होता.

सावकाश चावला. गिळला.
समुद्राकडून गार वारा आला, तिनं शाल ओढली,
दुसरा घास घेतला.
"हं," म्हणाली. "म्हणजे हे होतं."

रागानं नाही. नवल वाटल्यासारखंही नाही.
फार वर्षांनी एखाद्याचं आडनाव कळावं,
तसं.

शेपूट संपवलं तिनं. काडीसुद्धा चाटली.
मग हात पुसत आत गेली,
सिंकमधली चार डोकी मोठ्या पातेल्यात घातली,
कांदा शोधू लागली.
"ही काय फेकून देणार होतात?"